हळद, शेंदूर, कुंकू

आमच्या रूमवर कुणी नवीन आलं की माझ्या मोबाईलवरचा केशरी-पांढऱ्या माशांचा फोटो बघून हमखास विचारतं, "नीमो ना रे?" हे मासे आमच्या घरी तामलवाडीला आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तामलवाडी कोकणात का?" नाही हो! सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागते ती तामलवाडी, जिल्हा धाराशिव. समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. जिथे गोडं पाणीच मोजूनमापून वापरतात, तिथे आम्ही मीठ विकत आणून खारं पाणी बनवतो. गावात यावर हसून झालंय, तुम्हीही हसून घ्या.

हे वेड मूळचं दादाचं. शाळेच्या सहलीत त्याने मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं तेव्हापासूनचं. पुढे मुंबईत नोकरी लागली, टँक घेतला आणि २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमला गावी आला तो शंभर लिटरचा टँक घेऊनच. वर्षभराने ऑफिसने त्याला परत बोलावलं. टँक राहिला. दोन मासे, एक कोळंबी आणि मी!

खाऱ्या पाण्याचं गणित सोपं वाटतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास मीठ, घनता १.०२५, झालं. अवघड असतं ते पुढे. मासे खातात, घाण करतात, त्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा त्यामानाने गरीब. पण तो जात नाही, साचत राहतो. उष्ण समुद्रात वरच्या पाण्यात तो लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा नसतो. माशांच्या टँकमध्ये २०-३० पर्यंत चालवून घेतात. कोळंबीला तेवढाही सोसवत नाही.

मी हॉस्टेलला आल्यावर टेस्ट करायचं काम आईकडे गेलं. नळीत पाणी, त्यात दोन बाटल्यांतले थेंब, पाच मिनिटं थांबून रंग बघायचा. रंगांच्या इंग्रजी तक्त्याशी आईचं जमेना, म्हणून तिने स्वतःचा तक्ता केला. पिवळा म्हणजे हळद, केशरी म्हणजे शेंदूर, लाल म्हणजे कुंकू. रविवारी फोनवर मी विचारायचो, "काय आलं?" ती म्हणायची, "हळद." मी खूश!

सुट्टीत घरी गेलो तर काचेवर तपकिरी शेवाळ आणि कोळंबी गायब. दगडामागे मेलेली सापडली. नायट्रेटनेच मेली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मी टेस्ट केली तर कुंकू, तेही गडद! ८० च्या पुढे. मग कळलं की दुसऱ्या बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. आई हलवत नव्हती, कारण मी सांगितलंच नव्हतं. मॅन्युअल न वाचणाऱ्या इंजिनियरचा हा आणखी एक नमुना.

मग उपाय सुरू. आजीचा हात आधी आवरला. "मुकं जनावर उपाशी कसं ठेवायचं" म्हणून ती दिवसातून चारदा खाणं टाकायची. फिल्टरचा स्पंज धुतला. काही लोक टँकमध्ये व्होडकाचे थेंब टाकतात, हेही वाचलं. (रेक्टर सर, फक्त वाचलं!) त्यातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात आणि वाढताना नायट्रेट खातात. व्हिनेगरही चालतं. पण प्रमाण चुकलं तर तेच जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. दर पंधरा दिवसांनी पाव टँक पाणी बदलायचं, हा सरळ मार्ग धरला.

पाणी बदलूनही आकडा हलेना. एका रात्री वहीत मांडणी केली. नवीन पाण्यात आधीच s इतकं नायट्रेट असेल आणि पंधरवड्यात मासे p इतकं वाढवत असतील, तर आकडा शेवटी s + ४p वर जाऊन थांबतो. कितीही वेळा पाव टँक बदला, s च्या खाली तो जाऊच शकत नाही. आता s किती? सकाळी उठून बोअरचं पाणी नळीत घेतलं, मीठ न घालता.

कुंकू.

तक्त्यावरच्या ४० आणि ८० च्या मधला रंग. ७० धरा. मासे १० वाढवत असतील तर ७० अधिक ४०, म्हणजे ११०. जमलं की! मी एवढा खूश झालो की आंघोळ न करता गावातल्या आरओवरून जार आणला. त्याची टेस्ट ५. खाणं निम्मं केलं तर ५ अधिक २०, म्हणजे २५. दोन महिन्यांत टँक जवळपास तिथेच येऊन थांबला. सूत्र बरोबर ठरल्याचा आनंद मी आमच्या अख्ख्या विंगला सांगितला होता, काहींना आठवत असेल.

आता मुद्द्याचं. ते दोन महिने आमच्या घरात सगळे कुठलं पाणी पीत होते? बोअरचं.

वहिनी बाळाला घेऊन माहेराहून आली तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं. दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं पावडरचं दूध सुरू केलं होतं. आजी त्यासाठी पाणी वीस मिनिटं खळाखळा उकळायची. मी शनिवारी घरी आलो, खांद्यावरून जार उतरवून टँकपाशी ठेवला. आजी चुलीपासून म्हणाली,

"माशांला जारचं पाणी, अन् लेकराला बोअरचं व्हय रं?"

ती सहज बोलली होती. मला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. कारण बाकीचं मला माहीत होतं! आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती मुख्यतः याच वयाच्या बाळांसाठी आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या डॉ. कोमली यांनी दाखवून दिलं होतं की विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे, वरच्या दुधावरची तान्ही बाळं निळी पडतात. रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं. आणि उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आजी जितकं मनापासून उकळत होती तितकं ते घट्ट होत होतं.

चार दिवस झाले होते. बाळाचे ओठ, नखं बॅटरी लावून बघितली. गुलाबी होती. डॉक्टरांना दाखवलं, काही नव्हतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन महिने हा आकडा माझ्याच वहीत होता.

माशांच्या किटवर घरातल्यांचा विश्वास बसेना, म्हणून बोअरचं पाणी लॅबला दिलं. रिपोर्ट आला १६. बाबा म्हणाले, "बघ, मर्यादा ४५, आपलं १६. उगं घाबरवलंस." मीही क्षणभर सुटलो. मग बारीक अक्षरांत दिसलं की हा आकडा नायट्रोजनच्या रूपात आहे. नायट्रेटच्या रूपात करायचा तर ४.४३ ने गुणायचं, म्हणजे ७१. युनिट न लिहिल्याबद्दल ज्यांचे मार्क गेलेत त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बोअरच्या एका बाजूला गोठा आणि उकिरडा, दुसऱ्या बाजूला संडासाचा शोषखड्डा, पलीकडे युरियावर पोसलेलं शेत. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो आणि खडकाच्या भेगांमधल्या पाण्यात मिसळतो. हे फक्त आमचंच नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक नायट्रेटच्या जिल्ह्यांमध्ये आपले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ आहेत. बीड तर आमच्या जिल्ह्याला लागूनच.

आता घरात प्यायला आणि स्वयंपाकाला आरओचं पाणी. आरओ नायट्रेट नष्ट करत नाही, बाजूला काढतो आणि ते पाणी गटारात जातं, हे मला खटकतं, पण सध्या तेच. उकिरडा बाबांनी शेताच्या कडेला हलवला. बोअर पिकाला. एकरात एक इंच पाणी दिलं की सुमारे साडेतीन किलो युरियाइतका नत्र त्यातूनच जातो, हे मी मांडून दाखवल्यावर बाबांनी विचारलं, "मग युरियाची गोणी कमी टाकू का?" एवढ्या वर्षांत माझ्या शिक्षणाबद्दल ते पहिल्यांदाच काही बरं बोलले असावेत.

बाळ आता भिंतीला धरून उभं राहतं आणि टँकच्या काचेवर थापा मारतं. परवा आईचा फोन आला. बाटली हलवून टेस्ट केली होती, आधी टँकची, मग सहज म्हणून बोअरचीही.

"टँकचं शेंदूर आलं रे."

"आणि बोअरचं?"

"कुंकूच."

(तृतीय वर्ष, स्थापत्य)