उशीची दिशा

पारामारिबोतल्या पहिल्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं. पलंगाचं उशाकडचं टोक नेमकं उत्तरेला. म्हणजे पाय थेट दक्षिणेला. मुकाट्याने उशी उचलून पायथ्याशी टाकली. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, ती यमाची दिशा, हे आईचं वाक्य. एरवी मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ते वाक्य विमानातून माझ्याआधीच उतरलेलं दिसलं.

सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत लहान स्वतंत्र देश. वस्ती सहा लाखांच्या आसपास, बाकी बहुतेक जंगलच. एवढ्या वस्तीत मूळ रहिवासी आहेत, मळ्यांतून पळून रानात गावं वसवणाऱ्या आफ्रिकी गुलामांचे वंशज आहेत, क्रेओल, हिंदुस्तानी, जावानीज, चिनी आहेत. राजधानीत एका रस्त्यावर मशीद आणि सिनेगॉग शेजारी शेजारी उभे आहेत. येणारा प्रत्येक जण तिथे फोटो काढतो; मीही काढला. पण ते चित्र मला जरा जास्तच नीटनेटकं वाटलं. यांतली बहुतेक माणसं काही शेजाराच्या ओढीने आली नव्हती, मळ्यांसाठी आणली गेली होती. १८६३ मध्ये गुलामगिरी संपली, तरी मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबवलं. ती मुदत सरत असतानाच, ५ जून १८७३ रोजी, ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे लागलं. १८९० पासून जावाचे मजूर येऊ लागले. मजुरांच्या दलालांनी ‘श्रीरामाच्या देशात नेतो’ म्हणून सांगितलं होतं, अशी आठवण हिंदुस्तानी घरांत अजून सांगतात.

मला खिळवून ठेवलं ते मात्र जावानीज मशिदींनी. जावाहून मक्का पश्चिमेला. सुरीनामहून ती पूर्वेला. पण समुद्र ओलांडून आलेल्यांनी नमाज पढायला तोंड केलं ते पश्चिमेकडेच, बापजाद्यांनी केलं तसं. पुढे सुधारणावादी म्हणू लागले, दिशा बदला. काहींनी बदलली, काहींनी नाही. आजही तिथे पूर्ववाल्यांच्या मशिदी वेगळ्या आणि पश्चिमवाल्यांच्या वेगळ्या.

ऐकून आधी हसू आलं. मग उशी आठवली, आणि हसू ओसरलं. भूगोलाच्या हिशेबात पश्चिमवाले चुकतात, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण माणूस परमुलखात जाताना गाठोड्यात भांडीकुंडी घेतो, बियाणं घेतो. दिशा गाठोड्यात बांधावी लागत नाही, ती अंगातच असते. देव कुठे आहे यापेक्षा आजोबा कसे उभे राहत, हे कधीकधी जास्त खरं वाटतं. दुसरा पक्षही खोटा नाही. पूर्वेला वळलेल्यांनी मान्य केलं की आपण आता इथले; इथून मोजायला हवं.

मी आठवडाभर त्या शहरात होते. पहिले दोन दिवस खोली आवरणाऱ्या बाई माझी उशी उचलून तिच्या मूळ जागी ठेवत आणि रात्री मी ती पुन्हा पायथ्याशी नेई. आमची गाठ कधी पडली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत आले, तर चादर ताणून घातलेली होती आणि उशी पायथ्याशी, नीट थोपटून ठेवलेली.