वळताना येणारा आवाज

जुन्या मोटारीच्या मालकास दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक शेजाऱ्यांच्या सल्ल्यांची आणि दुसरी गाडीच्या आवाजांची. आमच्या दारातील प्रीमियर पद्मिनीने या दोहोंचाही पुरवठा आम्हांस कधी कमी पडू दिलेला नाही. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडू लागलेल्या या गाडीस पुढे १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतळांवरून तिने निरोप घेतला. सुरतेस, अडाजणच्या आमच्या अंगणात, वडिलांनी घेतलेली ती गाडी मात्र अजून नांदते आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या बाजूने एक नवा आवाज येऊ लागला. ‘टक्’ असा एकच, कोरडा. २०२१ साली मेट्रोचे भूमिपूजन झाल्यापासून सुरतेचे पुष्कळ रस्ते खोदलेले; तेव्हा दोष आम्ही रस्त्यांस दिला. मग एका गॅरेजात गेलो. तेथे गाडीखाली न डोकावताच “शॉकअब्सॉर्बर गेले” असा निकाल मिळाला. ते बदलले, पैसे मोजले आणि सरदार पुलावर येईपर्यंत आवाज पुन्हा सोबतीस हजर! यावर आम्ही जो उपाय केला तो सांगावयास लाज वाटते. आम्ही रेडिओ मोठा लावू लागलो.

याच सुमारास आईने वेंगुर्ल्यास जाण्याचा हट्ट धरला. तिचे वय ८४. चतुर्थीस माहेरच्या घरी एकदा जावे, आणि तेही बाबांच्या गाडीतून, एवढेच तिचे मागणे. गोव्याच्या सीमेलगत वाढलेली आई रागावली किंवा गहिवरली म्हणजे कोंकणीत बोलते. एके दिवशी रांदेर रस्त्यावरून परतताना मागच्या बाकावरून ती म्हणाली, “पुता, हो आवाज गाडी वळटना येता.” आम्ही हसलो. जिने आयुष्यात कधी चाक हाती धरले नाही, तिने स्टिअरिंगचे निदान करावे!

तरीही उधना दरवाज्याकडील एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा आईचे ते वाक्य आम्ही थट्टेने त्यांस ऐकविले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी प्रथम पुढचे मडगार्ड दाबून सोडले. गाडी एकदा वर आली आणि स्थिर झाली. अर्थात शॉकअब्सॉर्बर ठीक होते. मग आम्हांस आत बसवून, गाडी जागीच उभी ठेवून, चाक थोडे डावीउजवीकडे हलवावयास सांगितले. ‘टक्!’ गाडी तसूभरही चालली नव्हती. तेव्हा खड्डा, पाटे, स्प्रिंगा या साऱ्यांवरचा संशय निम्म्याहून अधिक ओसरला.

पुढे त्यांनी जॅकने डावे चाक उचलले आणि खाली भक्कम घोडी लावली. चाक वर-खाली धरून हलविले. ढिलाई नाही, म्हणजे किंगपिन शाबूत. मग तेच चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवे हलविले. ढिलाई स्पष्ट जाणवली. “आता ब्रेक दाबून धरा,” ते म्हणाले. बेअरिंगची ढिलाई ब्रेक दाबल्यावर नाहीशी होते. ही तशीच राहिली. शेवटी टायरॉडच्या टोकाच्या बॉलजॉइंटवर बोटे ठेवून त्यांनी आमच्याकडून पुन्हा चाक फिरवून घेतले. आवाज कानास फसवितो, तो पत्र्यातून भलतीकडेच ऐकू येतो. बोटांस मात्र ठोका जेथला तेथेच लागतो. जॉइंटचे रबर फाटले होते. आत चिखल, ग्रीसचा मागमूस नाही, आणि गोळी वाटीत खुळखुळत होती.

“बानी वात साची छे,” मिस्त्री म्हणाले. मग थोडे थांबून, “साहेब, ही गोळी घाटात निसटली असती तर चाक तुमच्या हाती राहिले असते, पण गाडी नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. ज्या आवाजावर आम्ही रेडिओची गाणी पांघरली, तो आवाज आईला, मुलांना आणि आम्हांला वाचवू पाहत होता. जुन्या यंत्राची कुरकुर म्हणजे म्हातारपणाचा स्वभाव, असे आम्ही धरून चाललो. खरे सांगावयाचे तर आईच्या बोलण्यासही आम्ही हाच न्याय लावीत आलो होतो.

दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलले. टायरॉडला हात लागला म्हणजे चाकांची दिशा बिघडते, म्हणून अलाइनमेंटही करून घेतले. सारा खर्च त्या विनाकारण बदललेल्या शॉकअब्सॉर्बरहून कमीच आला.

चतुर्थीस आम्ही वेंगुर्ल्यास गेलो. वाटेत रेडिओ बंदच होता. कोकणातील एका वळणावर आम्ही आरशातून मागे पाहिले. आई डोळे मिटून बसली होती.

“आई, झोप लागली का?” आम्ही विचारले.

“नाही रे,” ती म्हणाली, “ऐकते आहे.”