गव्हाविना पाव

लेकीला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे हे कळल्यापासून घरातला पाव मीच भाजते. ज्वारी, नाचणी, राजगिरा. दूध, अंडं, शेंगदाणे काही नाही. पीठ गिरणीतून आणत नाही. तिथे आधी गहू दळलेला असतो आणि पिठाची तेवढी धूळही तिला बाधते. धान्य निवडून घरघंटीवर दळते.

या धान्यांत ग्लूटेन नाही, म्हणजे यीस्टने केलेली हवा धरून ठेवणारं काही नाही. ते काम इसबगोल करतं. पाण्यात भुशी टाकली की काही मिनिटांत गच्च, थरथरती खळ होते. तीच पिठाला बांधते. थोडं ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवते, भाकरीला घेतो तशी उकड. त्याने पाव लवकर भुगा होत नाही. तिंबायचं नाहीच, ओलसर गोळा थेट साच्यात, मग 200 अंशांवर तासभर.

अवघड असतं ते थांबणं. गरम कापला तर आत चिकट राहतो, पूर्ण निवू द्यावा लागतो. लेक ओट्याशी उभीच आहे. उद्या डब्यात हिरव्या चटणीचं सँडविच. मैत्रिणीसाठी एक जास्तीचा तुकडा तिने आत्ताच सांगून ठेवलाय.