उक्तं काम

आमच्या वयाच्या पुणेकराला विचारा, लहानपणी तुमच्या घरचा कचरा कुठे जायचा? चटकन सांगता येणार नाही. रद्दी आठवेल, शिळ्या पोळीसाठी फाटकाशी येऊन उभी राहणारी गाय आठवेल. पण कचऱ्याची अशी काही आठवण नाही. कारण घरात बंब होता. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, आंब्याच्या वाळक्या काटक्या, सुताराने मागे ठेवलेल्या ढलप्या, गेल्या इयत्तेच्या वह्या, सगळं त्या तांब्याच्या पोटात जायचं आणि आंघोळीचं पाणी होऊन बाहेर यायचं. उरलेल्या राखेने भांडी घासली जायची. पाचोळा परसातल्या खड्ड्यात. पुढे घरोघरी गॅसचे गिझर आले, बंब माळ्यावर गेले आणि त्याच झाडाच्या त्याच फांद्या एकाएकी कचरा ठरल्या.

एरंडवणं, प्रभात रोड, डेक्कनच्या बैठ्या बंगल्यांना तेव्हा चारी बाजूंनी अंगण असायचं. ते साफ करायला वर्षातून दोनदा माणसं यायची. एकदा मृगाच्या आधी, पन्हळी मोकळ्या करायला आणि छपरावर आलेल्या फांद्या उतरवायला. दुसऱ्यांदा नवरात्राच्या तोंडावर, पावसात कमरेएवढं माजलेलं गवत काढायला. जाहिरात नव्हती, फोन नव्हता. शेजारच्यांकडे काम संपत आलं की आई कुंपणावरून हाक मारायची, ‘मामा, उद्या आमच्याकडे या.’ मामा यायचे ते कोयता, विळा, दाताळं घेऊन, आणि बरोबर घमेली वाहायला एक पोरगा, जो साधारण आमच्याच वयाचा असायचा. तो शाळेत का जात नाही, असं आम्ही कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मामांचं आडनावही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या गवतात अर्ध्याहून जास्त गाजरगवत. पांढऱ्या बारीक फुलांचं हे परदेशी तण भारतात प्रथम लक्षात आलं ते पुण्यातच, 1955च्या सुमारास. गावाने त्याला काँग्रेस गवत असं नाव ठेवलं आणि ते देशभर पसरलं. ते फुलाला येण्याआधी मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर एकेका झाडाचं हजारोंनी बी पडतं. मामा ते नुसत्या हातांनी उपटायचे. दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठायचे. ते हात कडूनिंबाच्या पाल्याने चोळायचे आणि पुन्हा वाकायचे. आम्हा मुलांना मात्र ‘त्याला हात लावू नका, खाज सुटेल’ अशी सक्त ताकीद होती. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. हातमोजे द्यावेत हे कुणाला सुचलं नाही. चहा दिला जायचा, कान तुटलेल्या वेगळ्या कपात, कुंपणाच्या भिंतीवर. जुन्या अंगणांबद्दल गहिवरून बोलणाऱ्या आमच्या मंडळींनी तो कपही आठवावा, एवढंच.

बोहारणीची गोष्ट निराळी. तिच्यापुढे आया-आज्ज्यांची मात्रा चालायची नाही. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचं बोचकं. दुपारची सामसूम बघून ती पायरीवर बसायची. बाबांची पँट दोन्ही हातांत ताणून उन्हाकडे धरायची आणि बसण्याच्या जागी विरलेलं कापड बोटाने दाखवायची. तोंडाने एक शब्द नाही. मग आई पातेलं उचलायची, बोहारीण ते हातातून काढून घ्यायची आणि त्याहून लहान पुढे सरकवायची. ‘ताई, अजून एक शर्ट टाका.’ शर्ट पडायचा. ‘एक चादर टाका.’ जरीची साडी निघाली तर तिचा आवाज मऊ व्हायचा, कारण जुन्या जरीतली चांदी काढणारे गाठीला असायचे. तासाभराने स्टीलचा एक डबा घरात आणि कपाटाचा एक खण रिकामा. बाबा संध्याकाळी आपला शर्ट शोधत फिरायचे. ते कपडे धुऊन, उसवलेलं शिवून, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पुन्हा विकायला यायचे.

रद्दीवाला काटा मारतो हे जगजाहीर होतं आणि तरी दर महिन्याला तोच यायचा. इंग्रजी पेपरांचा भाव मराठीहून जास्त, याचा बाबांना दरवेळी नव्याने राग यायचा.

या सगळ्यांतून उरलेलं जे काही असेल ते कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत. तिथे पाठीवर पोतं टाकून वाकलेल्या बायका शाळेत जाता-येता रोज दिसायच्या. आमच्या पिढीच्या स्मरणरंजनात बोहारीण आहे, कल्हईवाला आहे, या बायका नाहीत. त्यांनी आपली आठवण स्वतःच करून दिली. 1993 साली डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्रं मिळाली. काचा-पत्रा वेचणं ही चोरी नाही, हे पोलिसाला दाखवता येईल असा तो कागद होता. 2008 पासून त्यांच्यातल्याच बायका ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतर्फे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेतात. महिन्याचं शुल्क घरटी ठरलेलं, सुक्यातून निघालेल्या भंगाराचे पैसे त्यांचे. आमच्या सोसायटीच्या सभेत मात्र या शुल्कावर जेवढी घासाघीस होते तेवढी लिफ्टच्या कंत्राटावर होत नाही. ओला-सुका वेगळा करायला सांगितला की चिडणाऱ्यांत आम्ही साठीपलीकडचेच पुढे. बंबाच्या काळात शेंडी आणि भाजीचं देठ एकत्र टाकलं असतं तर आजीने काय केलं असतं, हे आम्हालाच ठाऊक असायला हवं. तरी पालिकेचा कचरा ज्यांच्या उशाशी नेऊन टाकला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा आमच्याकडे चार दिवस वास आला म्हणून केवढी आरडाओरड!

आता आमच्यातले बरेच जण एका वेगळ्याच कामाला लागले आहेत. आई-वडील गेले, बंगला पुनर्विकासाला द्यायचाय, तो रिकामा करायचा. मुलं परदेशी, आपले गुडघे गेलेले. मग माणसं बोलवावी लागतात. फोनवर फोटो पाठवायचे, त्यांनी येऊन एक फेरी मारायची आणि उक्तं सांगायचं. अंगणाचे इतके, माळ्याचे इतके, राडारोडा उचलायचा असेल तर वेगळे. झाडाला हात लावत नाहीत. आधी महापालिकेची परवानगी दाखवा म्हणतात, 1975चा वृक्षसंरक्षण कायदा त्यांना आपल्याहून पाठ. गवतासाठी यंत्र, हातात मोजे, तोंडाला फडकं. पाचोळा जाळत नाहीत, पोत्यांत भरतात. गच्चीवर बाग करणारे तो येऊन घेऊन जातात. जेवणाची सुट्टी एक ते दोन. मला हे फार बरं वाटतं. भाव त्यांनी सांगायचा आणि पटला तर आपण हो म्हणायचं, हा व्यवहार मामांच्या वाट्याला आला नव्हता.

आमच्याकडे काम दुपारपर्यंत आटपायचं होतं. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती: पाट, पितळी समई, फुटका रेडिओ, आजीची फिरकीची पेटी. धाकटा भाऊ अमेरिकेतून व्हिडिओवर. ‘रेडिओ टाकू नकोस. पेटी राहू दे. तो पाट दाखव बघू, तोच का?’ ठेवायचा ढीग टाकायच्या ढिगापेक्षा मोठा होत चालला. टोळीचा म्होरक्या, तिशीतला मुलगा, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. शेवटी त्याने माझ्या बायकोला घड्याळ दाखवलं.

‘वहिनी, काय ते एकदा ठरवा. टेम्पोचं भाडं तासावर आहे.’