भुकेची गोळी

“भूक लागायचं कायतरी द्या की.” मेडिकलच्या काउंटरवर गेली २२ वर्षं हे मागणं ऐकतोय. लग्न ठरलेल्या मुलीची आई मागते, तालमीतला पोरगा मागतो, म्हाताऱ्या बापाला रिक्षात बसवून आलेला मुलगा मागतो. सिप्रोहेप्टाडिनचं गोड सिरप बऱ्याच जणांना नावानिशी पाठ असतं. मुळात ते ॲलर्जीचं औषध. त्यानं झोप येते आणि भूक लागते. म्हणजे आमच्याकडे खपतो तो औषधाचा दुष्परिणाम. काही महाभाग जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात आणि गाल वर आले म्हणून खूश होतात. ते बाळसं नसतं, सूज असते. हे सगळं मला ठाऊक होतं. डी. फार्म. झालोय, सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीला टांगलंय. तरी आईच्या वेळी मीही तेच वाक्य बोललो, फक्त डॉक्टरांसमोर बोललो.

आई तेव्हा ७६ वर्षांची. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडात ऑपरेशन झालं, टाके सुकले, वॉकरही आला. पण जेवण तुटलं. चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट आणि दुपारी चार चमचे मऊ भात, एवढ्यावर दिवस निघायचा. “खा की गं दोन घास.” “जात न्हाई रं बाबा.” पडण्याआधी ५१ किलो असलेली आई अडीच महिन्यांत ४२ वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. बायको रोज नवं काहीतरी करून नेई आणि झाकलेलं ताट तसंच परत आणी. शेवटी शेवटी ते ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाजसुद्धा मला नकोसा झाला.

तपासणीला गेलो तेव्हा मीच हट्ट धरला. डॉक्टरांनी मेजेस्ट्रॉल लिहून दिली, १६० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. गोळी आमच्याकडे फारशी खपत नाही, म्हणून स्टॉकिस्टकडून मागवली. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन आहे. आधी ते स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी वापरात आलं. त्या बायकांची वजनं वाढताना दिसली आणि औषधाला दुसरा धंदा मिळाला. १९९३ मध्ये अमेरिकेत एड्सच्या रोग्यांचं खंगणं थांबवायला त्याचं पातळ औषध मंजूर झालं. तिथून ते कॅन्सरनं खंगलेल्यांकडे आणि पुढं नुसत्याच न जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आलं. त्या शेवटच्या रांगेत माझी आई.

गोळी लागू पडली, हे कबूल करायलाच हवं. दहाव्या-बाराव्या दिवशी रात्री दोनला हाक आली. मला वाटलं, दुखतंय. तर आई अंथरुणात बसलेली. म्हणाली, “भाकरी हाय का रं उरलेली? दुधात कुस्करून दे.” मी स्वयंपाकघरात उभं राहून शिळी भाकरी कुस्करत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगत सुटलो. सहा आठवड्यांत काटा ४२ वरून ४६ वर गेला. बहिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “आई परत आली.”

आई परत आली नव्हती. वजन आलं होतं. वॉकर धरून ती आधी दारापर्यंत जायची, आताही तिथपर्यंतच जायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडत नव्हतं, अजूनही उघडत नव्हतं. चढलेल्या चार किलोंत मांस किती आणि चरबी-पाणी किती, हा प्रश्न मला पडला नाही. मीटर दाखवेल तेवढंच बघायचं, अशी आम्हा दुकानदारांची नजर. शुगर मात्र १४० वरून अडीचशेकडे सरकली होती; ती आम्ही दुधातल्या साखरेवर ढकलली.

सातव्या आठवड्यात डावा पाय उजव्याच्या दीडपट झाला. पोटरी टणक, हात लावला की आई कळवळायची. कलर डॉप्लर केला तर पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत गुठळी. ॲडमिट करून रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. मेजेस्ट्रॉल त्याच दिवशी बंद.

त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी खोक्यातला कागद काढला. बारीक छपाई वाचायला मोबाइलची बॅटरी लागली. शिरांत गुठळ्या होण्याचा धोका तिथं लिहिलेला होता. मग अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ‘बीअर्स’ यादी उघडली. म्हाताऱ्यांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत, त्याची ही यादी. मेजेस्ट्रॉल त्यात आहे: वजनावर परिणाम किरकोळ, गुठळ्यांचा आणि कदाचित मृत्यूचाही धोका वाढतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर, पडून राहण्यानं, गुठळी तशीही होऊ शकते. सगळं खापर गोळीवर फोडणं बरोबर नाही. पण पाय मोडून अंथरुणात असलेल्या बाईला ती दिली, आणि दुकानातून काढून हातात ठेवणारा मीच होतो.

एवढ्यावर भागलं नाही. गोळी थांबवून चार दिवस झाले आणि आई निपचित पडली. उलट्या, बीपी ९० च्या खाली, सोडियम उतरलेलं. मेजेस्ट्रॉल काही अंशी स्टेरॉइडसारखंही वागतं. शरीराला बाहेरून तो पुरवठा मिळत राहिला की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. गोळी एकदम तोडली की बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. हे एका तरुण फिजिशियन मॅडमच्या लक्षात आलं, म्हणून आई वाचली. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं आणि पुढं कितीतरी आठवडे ते थेंबाथेंबानं उतरवावं लागलं.

त्या मॅडमनीच घरी सोडताना आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “आजी, दाबा बघू जोरात.” आईनं दाबला. मॅडमचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या तोवर कुणी केल्या नव्हत्या. सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि आईला ‘आ’ करायला सांगितलं.

पिशवीतून ट्रॅमाडॉल निघाली, दुखण्यावरची. तिनं मळमळतं आणि पोट साफ होत नाही. लोहाची गोळी निघाली, तीही पोट बांधून ठेवते. मेटफॉर्मिन निघाली, तिनं अनेकांचं तोंड बेचव होतं. आई चार-चार दिवस संडासला जात नव्हती आणि हे तिनं सुनेलाही सांगितलं नव्हतं. तोंडात खालच्या हिरडीवर करंगळीच्या नखाएवढी जखम होती. वजन उतरल्यावर हिरड्या आकसल्या, कवळी सैल झाली, ती घासून जखम झाली. “आजी, सांगितलं का नाही?” तर म्हणाली, “आधीच एवढा खर्च झालाय पोराचा.”

भुकेची खरी हाक पोटातून मेंदूला जाते ती घ्रेलिन या हार्मोनची. जपानमध्ये १९९९ साली कोजिमा आणि कांगावा यांनी ते जठरात शोधलं. त्याची नक्कल करणारी ॲनामोरेलिन ही गोळी जपाननं २०२१ मध्ये काही कॅन्सरांतल्या खंगण्यासाठी मंजूर केली. युरोपनं तीच २०१७ मध्ये नाकारली होती. त्यांचं म्हणणं असं, की अंगावर थोडं मांस चढलं तरी हाताच्या पकडीतला जोर वाढल्याचं दिसत नाही. हे वाचलं तेव्हा मला लोणच्याची बरणी आठवली. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यावर कुणाला अशा औषधानं चार घास आवडीनं जात असतील, तर मी कोण नको म्हणणारा? माझं भांडण गोळीशी नाही.

ट्रॅमाडॉल बंद झाली, मेटफॉर्मिन अर्ध्यावर आली, पोट साफ व्हायचं औषध लागलं. आई माळकरी, अंडं चालत नाही; मग ताक, मुगाचं घट्ट वरण, पनीर आणि भाकरीच्या दुधात दोन चमचे दुधाची पावडर. फिजिओथेरपिस्ट रोज खुर्चीवरून दहा वेळा उठवी आणि आई रोज त्याला शिव्या घाली. आठ महिन्यांनी आई ४७ किलोंवर आहे. काटा गोळीच्या वेळेपेक्षा एकच किलो पुढं आहे. पण बरणी ती स्वतः उघडते.

हल्ली “भूक लागायचं द्या” म्हणणारं कुणी म्हाताऱ्या माणसासाठी आलं, की मी विचारतो, “दात आहेत का कवळी? संडासला रोज होतं? चालू गोळ्या कुठल्या?” परवा एकाला राग आला. “डॉक्टर झालायसा काय?” म्हणाला आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला. दोन मिनिटांत बाटली घेऊन बाहेर आला.