बातमी चालत येई तेव्हा

1979 च्या जुलैत आकाशातून स्कायलॅब पडणार, ही बातमी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना रेडिओने आणि वर्तमानपत्राने कळवली. भामरागडच्या जंगलात ती पायी आली. आठवडी बाजाराला मीठ-मिरची घेऊन येणारा एखादा व्यापारी, जंगल खात्याचा गार्ड, नाहीतर रजेवरून परतणारा माझ्यासारखा मास्तर, हीच इथली वर्तमानपत्रं. पर्लकोटेला पूर आला की बातमी नदीपलीकडे थांबायची. कधी दोन दिवस, कधी आठवडा. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला, तोवर हे सगळं चंद्रपुरातच मोडत होतं.

स्कायलॅब म्हणजे अमेरिकेने 1973 मध्ये सोडलेली, सुमारे 77 टनांची अवकाश प्रयोगशाळा. सूर्यावरच्या हालचाली वाढल्या, त्यामुळे पृथ्वीचं वरचं वातावरण तापून फुगलं, त्याचा अडथळा वाढला आणि ती ठरल्यापेक्षा लवकर खाली येऊ लागली. एवढी साधी गोष्ट होती. पण ती समजावून सांगणारा आवाज क्षीण होता आणि भीतीचा आवाज मोठा. मैदानातल्या गावांमध्ये लोकांनी ‘आता काय उरलंय’ म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापल्याच्या गोष्टी पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत होत्या. इकडे मी तीच बातमी संध्याकाळी गोटुलजवळ, म्हणजे गावाच्या सामुदायिक घराजवळ, बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितली, तेव्हा त्यांतल्या एकाने फक्त विचारलं, “गुरुजी, पाहिला कोण?” मी म्हटलं, अजून कोणीच नाही, पडायची आहे. तो म्हणाला, “मंग पडल्यावर सांगजो.” 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ते सांगायला मी गेलो, तेव्हा भाताची रोवणी चालू होती आणि लोकांना दुसरी कामं होती.

त्या प्रश्नाचं मोल मला त्या वेळी पुरतं कळलं नाही. आज मात्र रोज कळतं.

ज्यांना आपण अडाणी म्हणत होतो, त्यांचा आभाळाशी रोजचा व्यवहार होता. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांमध्ये फिरून हे आकाशज्ञान पुढे नोंदवून ठेवलं. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, हे शहरातल्या पदवीधराला माहीत नसतं. मृगात त्यांना नांगर दिसतो. पाऊस कधी येणार, याचा अंदाज ते ताऱ्यांवरून बांधतात. हा अंदाज चुकतही असेल, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं पाहणं आहे.

16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाचा दिवस मला लख्ख आठवतो. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेकडून, आंध्रातून जात होता आणि आमच्याकडेही सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. त्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले होते. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने सिनेमा दाखवला होता. आमच्या शाळेची भिंत बांबूच्या कुडाची. दुपार कलल्यावर कुडाच्या फटींमधून येणाऱ्या उन्हाचे कवडसे जमिनीवर चंद्रकोरीसारखे दिसू लागले, एक नाही, शेकडो. मुलं आधी घाबरली, मग त्या कोरींवर हात धरून बघू लागली. सूर्याकडे थेट न पाहता ग्रहण पाहण्याचा याहून चांगला उपाय आजही कोणी सांगणार नाही. फट लहान असली की तिच्यातून सूर्याचंच चित्र उमटतं, हे त्या मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या तळहातावर पाहिलं.

तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. तापाने फणफणलेलं मूल आधी पुजाऱ्याकडे जायचं. साप चावला तरी तेच. फेफरं म्हणजे बाहेरची बाधा. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 ला भामरागडजवळच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, तरी सुरुवातीला औषधाला माणूस येत नव्हता. लोकांनी दुरून पाहिलं, पारखलं. मग मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेला कोणी खाटेवर घालून आणला गेला आणि काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी गावी परतला. त्याचे दोन पाय हीच बातमी होती. तिचा खरेपणा तपासायला कोणाला शाळेत जावं लागलं नाही. इथल्या माडिया आदिवासींनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला तो डोळ्यांनी पाहून, आणि हाच विज्ञानाचा पहिला धडा आहे.

1976 मध्ये हेमलकशाला आश्रमशाळा सुरू झाली. त्याच वर्षी 1 एप्रिलला खगोलतज्ज्ञ पॅट्रिक मूर यांनी बीबीसी रेडिओवर सांगितलं की सकाळी 9 वाजून 47 मिनिटांनी प्लूटो गुरूच्या मागे जाईल, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल आणि त्या क्षणी उडी मारणाऱ्याला तरंगल्यासारखं वाटेल. ती निव्वळ थट्टा होती. तरी शेकडो श्रोत्यांनी फोन करून आपण तरंगल्याचं कळवलं. त्याआधी 1957 मध्ये याच संस्थेच्या दूरचित्रवाणीने स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून शेवया तोडणाऱ्या बाया दाखवल्या होत्या आणि ते झाड कसं लावायचं, असं विचारणारे फोन आले होते. जवळजवळ पूर्ण साक्षर देश, उत्तम शाळा, घरोघरी रेडिओ. भोळेपणाचा अक्षरओळखीशी फारसा संबंध नाही, हे माझं मत या दोन प्रसंगांनी पक्कं झालं. सांगणाऱ्याचा आवाज वजनदार असला की ऐकणारा विचारायचं विसरतो.

21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध पिऊ लागला. ती बातमी टेलिफोनवरून पळाली, दुपारपर्यंत नागपूर-चंद्रपुरात देवळांपुढे रांगा लागल्या. दुधाचा पृष्ठताण आणि मूर्तीच्या पृष्ठभागावरून ओघळणारा पातळ थर, हे त्याचं कारण. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांना दाखवला. आमच्याकडे वर्तमानपत्र आलं तेव्हा घटना आणि तिचा खुलासा दोन्ही एकाच गठ्ठ्यात आले. त्या उशिराने आम्हाला वाचवलं.

आता तो उशीर संपला. रस्ता झाला, टॉवर आले, मुलांच्या हातात फोन आले, आणि मला त्याचा आनंदच आहे. पुरात अडकलेल्या बाळंतिणीसाठी एक फोन किती मोलाचा असतो, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. पण त्याच फोनवर दर ऑगस्टला ‘27 तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश येतो. 2003 च्या 27 ऑगस्टला मंगळ खरोखर जवळ आला होता, जवळजवळ 60 हजार वर्षांतला सर्वांत जवळ, तरी साडेपाच कोटी किलोमीटरहून दूरच. दुर्बिणीतून 75 पट मोठा केलेला मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल, असं मूळ वाक्य होतं. त्यातली दुर्बीण गळून पडली आणि अफवा उरली. ‘आज रात्री वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, फोन बंद ठेवा’ हाही संदेश तसाच फिरत राहतो, आणि तो फिरतो फोनवरूनच. अशा संदेशाला सांगणारा माणूसच नसतो. बाजारातल्या व्यापाऱ्याने खोटं सांगितलं तर पुढच्या बाजारी त्याला जाब विचारता येत होता.

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेषा सरकत गेल्या. काही मिनिटांत चित्रफिती सगळीकडे पोचल्या आणि त्यांबरोबर उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे तर्कही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मात्र सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं प्रत्यक्ष पडलं होतं, पवनपारला धातूचा गोळा सापडला. लोकांनी ते पाहिलं, प्रशासनाला कळवलं, वस्तू तपासायला इस्रोची माणसं आली. 2021 च्या फेब्रुवारीत चीनने सोडलेल्या लाँग मार्च अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. 1979 मध्ये पडण्याआधी महिनोन्‌महिने भीती होती आणि वस्तू पडली ऑस्ट्रेलियात. या वेळी कसलीही पूर्वसूचना नव्हती आणि वस्तू आमच्याच जिल्ह्यांच्या उंबऱ्यात आली. लाडबोरीकरांनी त्या रात्री दाखवलेलं शहाणपण मला कौतुकाचं वाटतं.

सगळ्याच अफवा अशा निभावत नाहीत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यामागे फोनवर फिरणारे संदेश होते. 2021 मध्ये करोनाची लस आली तेव्हा भामरागडकडच्या पाड्यांमध्ये ‘लस घेतली की माणूस मरतो’, ‘मूल होत नाही’ ही भीती लसीच्या आधी पोचली होती. तिथे उपयोगी पडल्या त्या माडियात बोलणाऱ्या आशाताई आणि आधी स्वतः टोचून घेणारी गावातली माणसं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना बांधून मारहाण झाली. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात याच संशयावरून दोघांना जिवंत जाळलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर, 2013 च्या डिसेंबरात मंजूर झाला होता. कायदा आहे, फोन आहे, शाळा आहे, आणि तरीही हे घडलं. हे लिहिताना मला वेदना होतात, कारण असल्याच एखाद्या गावातल्या मुलांना मी शिकवलं आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांसाठी रोज पंधरा मिनिटं माडिया-गोंडीतून विज्ञानाची बातमी हवी: ग्रहण असेल तर ग्रहणाची, साथ असेल तर साथीची, आणि त्या आठवड्यात कोणती अफवा फिरते आहे तिचीही, ती खोटी कशी ठरली याच्यासह. आकाशवाणीने ती सांगावी आणि तीच फोनवरूनही पाठवावी. 1 एप्रिलला वाचकांची गंमत करणाऱ्या संपादकांनी आणि वाहिन्यांनी दुसऱ्या दिवशीचा खुलासा पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावा. या कामासाठी बाहेरून कोणाला आणायची गरज नाही. आश्रमशाळांत शिकलेली, माडिया आणि मराठी दोन्ही उत्तम बोलणारी मुलं-मुली आज इथे आहेत, त्यांच्यात नर्स आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टरही आहेत. हे काम त्यांच्यावर सोपवा.