अकरा नद्यांची रात्र

सांगली-मिरज-कोल्हापूर या पट्ट्यातील फारच थोडी घरे अशी असतील, की ज्यांचे एखादे मूल पुण्यात किंवा बेंगळुरूत नाही. पुण्याचा प्रवास दिवसा उरकतो. बेंगळुरूचे तसे नाही. सांगलीहून अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. मुलांची रजा मोजकी, नातवंडांची शाळा चुकवायची नाही, आणि सकाळच्या गर्दीपूर्वी शहरात शिरायचे, या तिन्ही गोष्टींचा मेळ एकाच रीतीने बसतो: रात्री आठ-साडेआठला निघावे आणि उजाडता उजाडता तुमकूर गाठावे. मिरजेहून रेल्वे आहे, सांगलीहून शयनयान बसगाड्या आहेत. पण बरोबर घर न्यायचे असेल, तर मोटारीवाचून गत्यंतर नसते.

गेल्या हिवाळ्यात सांगलीतील एका कुटुंबाला असेच घर न्यायचे होते. गावभागातील जुन्या घरात एकट्याच राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना मुलाने कायमचे बेंगळुरूला न्यायचे ठरविले होते. गाडीच्या मागील भागात शिलाई मशीन, दोन पितळी पातेली, लोणच्याच्या बरण्या आणि कपड्यांच्या चार पिशव्या. पुढे मुलगा गाडी चालवायला, शेजारी सून, मागे नऊ वर्षांची नात आणि आजी. घराला कुलूप लागले तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आजींनी कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली कमरेच्या पिशवीत ठेवली. गेल्या आठ दिवसांत त्यांना रात्रीची धड झोप लागली नव्हती, हे सुनेला ठाऊक होते.

मोटारीत झोप का येत नाही, याची कारणे साधीच आहेत. शरीर बसलेले असते आणि मान मोकळी. डोळा लागताच मानेचे स्नायू सैल पडतात, डोके पुढे कलंडते आणि माणूस दचकून जागा होतो. प्रवासात गळ्याभोवती घालायची जी उशी मिळते, तिची जाड बाजू बहुतेक जण मानेमागे ठेवतात; डोके तर पुढे पडते. ती फिरवून हनुवटीखाली आणली, की तिचा खरा उपयोग होतो. उशी नसल्यास जाड शाल गुंडाळूनही तेच काम साधते. दुसरी खोड काचेला डोके टेकण्याची. काचेतून रस्त्याचा प्रत्येक खड्डा कवटीपर्यंत पोहोचतो. तिसरी अडचण समोरून येणाऱ्या दिव्यांची. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे समोरचा झोत उजव्या बाजूने येतो. मागील आसनाच्या डाव्या कोपऱ्यात बसणाऱ्याला तो कमी लागतो. सुनेने आजींना त्याच कोपऱ्यात बसविले होते, ते याच हिशेबाने.

आजींचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वीच त्यांचे जेवण झाले होते. दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक, इतकेच. या नियमाचा रात्रीच्या प्रवासात मिळणारा फायदा फारसा बोलला जात नाही. जेवणानंतर तीन तास उलटून गेलेले असल्याने पोट जड नसते, घाटात मळमळत नाही. ढाब्यावर दहाला तेलकट जेवून साडेदहाला डोळे मिटणाऱ्यांचे हाल पाहिले, की हा नियम किती व्यवहारी आहे हे कळते. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी दिवसभरात पाणी पुरेसे पिऊन ठेवावे, एवढी काळजी सुनेने दुपारपासून घेतली होती.

अंकलीच्या पुलावर गाडी आली, तेव्हा आजींनी काच थोडी खाली केली. खाली कृष्णा होती. अंधारात पाणी दिसत नव्हते, पण गार ओला वारा आला. जयसिंगपूर, हातकणंगले मागे पडून गाडी शिरोलीला महामार्गाला लागली आणि लगेच पंचगंगेचा पूल आला. 2019 आणि 2021 च्या पुरात याच ठिकाणी पाणी महामार्गावर आले होते आणि वाहतूक थांबली होती. नातीला झोप येत नव्हती आणि भ्रमणध्वनी तिच्या हाती द्यायचा नाही, असा आईचा कडक निर्णय होता. तो योग्यच म्हणावा लागेल; डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पेटलेला पडदा असेल, तर मेंदूला रात्र झाल्याचे समजत नाही. तेव्हा आजींनी नातीला एक काम दिले.

“डोळे मिटून बस. पूल आला, की चाकांचा आवाज बदलतो. तो ओळखायचा आणि नदीचं नाव सांगायचं.”

“नावं मला कुठे येतात, आजी?”

“मी सांगते. तू फक्त आवाज ओळख.”

यात काहीतरी तथ्य आहे. पुलाच्या दोन भागांमध्ये उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी फट ठेवलेली असते. तिच्यावरून चाके गेली, की ठरावीक अंतराने धडधड ऐकू येते. शिवाय पुलाखाली भराव नसल्याने रस्त्याचा नेहमीचा घनगंभीर आवाज पोकळ होतो. डोळे मिटून एखाद्या सौम्य गोष्टीकडे कान लावून बसणे, आणि मधल्या काळात काहीच न करणे, ही झोपेला बोलावण्याची जुनी रीत होय. झोपायचेच, असा हट्ट धरला की ती येत नाही; दुसऱ्याच कामात मन गुंतले, की पाठीमागून येते. कागल ओलांडून दूधगंगा आली आणि महाराष्ट्राची हद्द संपली. निपाणीच्या अलीकडे यमगर्णीला वेदगंगा. हे नाव नातीने अर्धेच म्हटले. तवंदीचा घाट चढताना ती झोपली होती.

मूल झोपले, की त्याला मांडीवर आडवे घेण्याची आपल्या घरांत पद्धत आहे. ममतेचीच ती, पण मोटारीत घातक. अचानक ब्रेक लागला, तर आडवे मूल पुढे फेकले जाते. हातांनी ते धरून ठेवता येत नाही. पट्टा बांधून, बाजूला उशी लावून, बसल्या जागीच झोपू द्यावे. पुढच्या आसनावरील माणसानेही पाठ पूर्ण मागे लोळवू नये. तसे केल्यास पट्टा छातीवरून सुटतो आणि धक्क्यात शरीर त्याच्याखालून घसरते. थोडी कमी सुखाची झोप पत्करावी. आजींना नातीचे डोके मांडीवर हवे होते. सून वळून म्हणाली, “आई, तिला तसंच राहू द्या. वाकळ घाला तिच्या अंगावर.” आजींनी वाकळ नातीच्या पायांवर पसरली आणि दुसरे टोक आपल्या पावलांवर ओढून घेतले.

ती वाकळ जुन्या नऊवारींची होती, आजींनी स्वतः शिवलेली. परक्या जागी झोप लागत नसेल, तर आपल्या अंथरुणातील एखादी वस्तू बरोबर असावी, हे सांगायला कोणी वैद्य लागत नाही. पाय उबदार ठेवण्यामागे मात्र शास्त्र आहे. तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतील उष्णता बाहेर पडते आणि झोपेची तयारी होते. वातानुकूलनाचा झोत पायांवर सोडून अंग गुंडाळणारे नेमके उलटे करतात.

संकेश्वरला हिरण्यकेशी, पुढे घटप्रभा, बेळगावच्या अलीकडे मार्कंडेय. आजी जाग्याच होत्या. बेळगाव बाहेरूनच मागे पडले तेव्हा साडेअकरा झाले होते. कित्तूरच्या अलीकडे मलप्रभेचा पूल आला, तोही त्यांनी ऐकला. त्यांच्या हातात माळ होती. नऊ णमोकार सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणावेत, असा कायोत्सर्गाचा संकेत आहे. म्हणजे एका मंत्राला तीन श्वास. या गतीने म्हटल्यास श्वास आपोआप लांबतो, नाडी संथ होते. मंत्राचा हेतू अर्थातच झोप हा नव्हे, आणि आजींना तसे कोणी म्हटलेले आवडलेही नसते. पण त्या रात्री माळ मधेच थांबत होती. एकदा त्यांनी विचारले, “मागच्या दाराची कडी लावली होती ना?” मुलगा म्हणाला, “लावली, आई. तूच बघितलीस.” दहा मिनिटांनी त्यांनी तेच पुन्हा विचारले. मुलाने तेच उत्तर त्याच आवाजात दिले.

धारवाडला सुनेने गाडी हाती घेतली. हे आधीच ठरले होते. धारवाड ते हुबळी हा बाह्यवळण रस्ता महामार्गाच्या इतर भागांसारखा रुंद नव्हता. अनेक वर्षे तो दुपदरीच राहिला आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. तेथे ताज्या डोळ्यांचा माणूस असावा, हा विचार शहाणपणाचा होता. मुलगा शेजारच्या आसनावर गेला आणि पाच मिनिटांत घोरू लागला. येथे मतभेद संभवतो. चालकाशेजारच्या माणसाने झोपू नये, असे अनेक जण मानतात, आणि एकच चालक असेल तर ते खरेही आहे; पेंग संसर्गजन्य असते. पण दोघे आळीपाळीने चालविणार असतील, तर एकाने झोपणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. दोघेही अर्धवट जागे राहिले, तर पहाटे तीनला दोघेही निकामी होतात.

माणसाच्या शरीरातील घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या सुमारास सर्वांत खाली उतरते. शरीराचे तापमान घटते, लक्ष विस्कटते, डोळे उघडे असूनही काही क्षण मेंदू झोपून घेतो. ताशी नव्वदच्या वेगाने गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर रस्ता कोणीही न पाहता कापलेला. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता आणि इंजिनाचे संथ कंपन या अवस्थेला हातभारच लावतात. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे हे उपाय काही मिनिटांपुरते असतात. पेंगेवर खरा उपाय झोप हाच.

वरदा ओलांडून हावेरी मागे टाकली आणि राणेबेन्नूरच्या पुढे सुनेला रस्त्यावरचे पांढरे पट्टे जोडलेले दिसू लागले. मागील मैलाचा दगड आपण पाहिला की नाही, हे तिला आठवेना. तिने तसे मोकळेपणाने सांगितले. पुष्कळ जण सांगत नाहीत; आणखी वीस किलोमीटर, आणखी दहा, असे मनाशी म्हणत जातात. मुलाने डोळे चोळत सांगितले, “तुंगभद्रा ओलांडू या आणि पहिल्या उजेडाच्या पंपावर थांबू.” हरिहरजवळचा तो लांब पूल गेला. थोड्याच वेळात एका मोठ्या पंपाच्या आवारात, दिव्याखाली, गाडी उभी राहिली. सव्वातीन वाजले होते.

दोघांनी कपभर कॉफी घेतली आणि लगेच आसने थोडी कलती केली. कॉफी पिऊन झोपायचे, हे विचित्र वाटेल. पण तिचा असर व्हायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात, आणि वीस मिनिटांची डुलकी तेवढ्यात पुरी होते. त्याहून जास्त झोपल्यास गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोके जड राहते. तसे झाल्यास पंधरा-वीस मिनिटे चाकामागे बसू नये. इंजिन बंद ठेवावे, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. वातानुकूलन चालू ठेवून बंद गाडीत झोपलेल्यांचा विषारी वायूने जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

“वीस मिनिटांनी उठवायचं कोणी?” सुनेने विचारले. भ्रमणध्वनीचा गजर होताच. तरीही आजी म्हणाल्या, “मी आहे की.”

त्यांनी मनगटावरचे घड्याळ दिव्याकडे वळविले. मुलगा, सून, नात, तिघेही झोपले. बाहेर मालमोटारींची रांग उभी होती. एक चालक चाके काठीने ठोकून पाहत होता. थंडी होती. आजींनी वाकळ स्वतःच्या पायांवरून काढून पूर्ण नातीवर घातली आणि पदर कानांवरून घेतला. पूर्ण वीस मिनिटे त्या ताठ बसून होत्या. आठ दिवसांत प्रथमच त्यांना कुलपाची आठवण झाली नाही, असे त्यांनी नंतर सुनेला सांगितले. मुलाला त्यांनी खांद्याला हात लावून उठविले. गजर त्यानंतर वाजला.

चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागत होते, एकदम विझत होते. हिरियूरला वेदावती आली, तेव्हा आजींनी मुलाला विचारले, “हिचं पाणी कुठं जातं रे?” मुलाने सांगितले, की वेदावती तुंगभद्रेला मिळते आणि तुंगभद्रा कृष्णेला. मग त्याने सगळाच हिशेब मांडला. पंचगंगा कृष्णेची, वेदगंगा दूधगंगेत आणि दूधगंगा कृष्णेत, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेत, घटप्रभा, मलप्रभा थेट कृष्णेत, वरदा तुंगभद्रेत. अंकलीपासून येथवर ओलांडलेल्या साऱ्या नद्या शेवटी एकाच नदीच्या होत्या. “आणि पुढं?” आजींनी विचारले. “पुढे तुमकूरकडे शिमशा उगवते. ती कावेरीची.”

आजी काही बोलल्या नाहीत. पूर्वेला फटफटू लागले होते. शिरा येण्यापूर्वीच त्यांची मान शालीच्या गुंडाळीवर अलगद टेकली, माळ मांडीवर सरकली. तुमकूरला टोलनाक्यावरचे कर्णे वाजले, त्यांना कळले नाही. नेलमंगलच्या गर्दीत गाडी पाऊलभर पुढे, पाऊलभर मागे होत राहिली, तेही कळले नाही. नात जागी झाली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, वेदगंगेनंतर किती नद्या झाल्या. आईने ओठांवर बोट ठेवले.

इमारतीच्या तळघरात न नेता मुलाने गाडी फाटकाजवळ झाडाखाली उभी केली, इंजिन बंद केले आणि चारही काचा खाली केल्या. पावणेआठ वाजले होते. सून नातीला घेऊन वर गेली. सामान तसेच राहू देऊन मुलगा पुढच्या आसनावर बसून राहिला.